रिव्हॉल्व्हरची नळी किती इंची घ्यावी, माझा अनुभव

गेल्या महिन्यात मंडळाचा कार्यक्रम संपल्यावर डबे आवरताना एका मैत्रिणीने हळूच विचारलं, तू रिव्हॉल्व्हर ठेवतेस ना, मग मी कुठली घेऊ सांग, दोन इंची का चार इंची, दुकानवाला म्हणतो लेडीजसाठी दोन इंची बेस्ट, हलकी असते, पर्समध्ये मावते. मी तिला तिथेच पार्किंगमध्ये पाऊण तास सांगत बसले तरी अर्धं राहिलंच. म्हणून हे सगळं लिहून काढतेय, कारण हेच वाक्य मलाही सात वर्षांपूर्वी एका दुकानात ऐकवलं होतं आणि मी ते ऐकून चुकीची वस्तू घेतली होती.

मी ह्यूस्टनच्या बाहेर राहते, हॉस्पिटलमध्ये रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे, आठवड्यात तीन रात्रपाळ्या. शिफ्टची वेळ बदलली की कधी रात्री दोन-अडीचला एकटीने पार्किंग गॅरेजमधून चालत जावं लागतं, त्यातून हे सुरू झालं.

नळीकडे वळायच्या आधी एक गोष्ट, कारण आपल्या लोकांना हे माहीत नसतं. एच-वन (नोकरीचा) किंवा एच-फोर (त्यांच्या कुटुंबाचा) व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतुसंही नाहीत. हंटिंग लायसन्ससारखे थोडे अपवाद आहेत पण वकिलाशी बोलल्याशिवाय त्यांच्या भरवशावर अजिबात राहू नका, इमिग्रेशनची सगळी मेहनत पाण्यात जाईल. ग्रीन कार्ड असेल तर घेता येते, दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून बऱ्याच लोकांना परवान्याशिवायही जवळ बाळगता येते, तरी मी लायसन्स काढलंच, कारण त्या निमित्ताने कायदा शिकवतात आणि नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. आणि त्या परीक्षेनेच माझे डोळे उघडले, ते पुढे सांगते.

आता नळी. रिव्हॉल्व्हरची नळी मोजतात ती सिलिंडरच्या पुढे सुरू होते तिथून तोंडापर्यंत, सिलिंडर त्यात धरत नाहीत. पिस्तुलाचं तसं नाही, तिथे काडतूस बसतं तो चेंबरही नळीतच मोजला जातो. त्यामुळे तीन इंची पिस्तूल आणि तीन इंची रिव्हॉल्व्हर शेजारी ठेवल्या की रिव्हॉल्व्हर चांगलीच लांब दिसते. नवीन माणसाचा इथेच गोंधळ होतो, नुसते आकडे वाचून ऑर्डर देऊ नका, हातात घेऊन बघा.

ढोबळमानाने तीन मापं असतात, दोन, तीन आणि चार इंच (सहाच्याही असतात पण त्या टार्गेट आणि शिकारीसाठी, त्या सोडून देऊ). ही मापं जुन्या पोलिसी कामातून आलेली आहेत. गणवेशातला पोलीस कमरेला उघडी चार इंची लावायचा, आणि साध्या कपड्यातला डिटेक्टिव्ह कोटाखाली दोन इंची. कोल्टने १९२७ मध्ये त्यासाठी डिटेक्टिव्ह स्पेशल काढली, सहा गोळ्यांची, मग १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनची चीफ्स स्पेशल आली, पाच गोळ्यांची आणि अजून छोटी. आज ज्याला लोक जे-फ्रेम म्हणतात ते घराणं तिच्यापासूनचं. म्हणजे दोन इंची ही रोज बंदूक हाताळणाऱ्या माणसाची सोयीची बंदूक होती, नवशिक्यासाठी ती कोणी काढलेलीच नव्हती, आणि हेच दुकानात सांगत नाहीत.

मी घेतली ती स्मिथ अँड वेसनची ६४२. अॅल्युमिनियमची फ्रेम, घोडा आत झाकलेला, नळी पावणेदोन इंचापेक्षा किंचित जास्त, वजन साधारण ४१० ग्रॅम. काउंटरवर हातात घेतली तेव्हा अगदी खेळण्यासारखी वाटली आणि मला वाटलं हीच, माझे हात लहान आहेत, झालं. बंदूक वाईट नाही, चुकूनही तसं म्हणत नाहीये, हजारो लोक विश्वासाने वापरतात. पण मी पहिल्यांदा नेमबाजीच्या रेंजवर प्लस पी (नेहमीपेक्षा जास्त दाबाची) काडतुसं भरून चाप ओढला तेव्हा तळव्यात असा दणका बसला की पाचवी गोळी झाडेपर्यंत मी डोळे मिटायला लागले होते. वजन कमी म्हणजे धक्का जास्त, हे साधं गणित आहे, धक्का खाऊन टाकायला लोखंड नकोय का जागेवर. त्यात चाप जड, बारा-एक पौंडांच्या घरातला, आणि बंदूक स्वतः एका पौंडाच्याही खाली, म्हणजे चाप ओढता ओढता अख्खी बंदूकच हलते.

परीक्षेत ५० गोळ्या असतात, २० तीन यार्डावरून, २० सात यार्डावरून आणि १० पंधरा यार्डावरून, २५० पैकी १७५ गुण लागतात. तीन यार्डावर माझं छान जमलं. सातवर गोळ्या पसरायला लागल्या. पंधरावर दहातल्या चार कागदाच्या बाहेर गेल्या. पास झाले, पण घरी येताना गाडीत मला एकच विचार खात होता, की त्या बाहेर गेलेल्या चार गोळ्या खऱ्या आयुष्यात कुठे गेल्या असत्या. कोणाच्या तरी गाडीत, कोणाच्या तरी घराच्या भिंतीत. आणि इथल्या घराच्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेलं अर्ध्या इंचाचं शीटरॉक, काहीही आरपार जातं.

छोट्या नळीने नेम का चुकतो, तर गोळी वाकडी जाते म्हणून नाही. शिकंज्यात घट्ट धरून झाडली तर दोन इंची सुद्धा एका ठिकाणी मारते. प्रश्न आपल्या डोळ्याचा आहे. नेम धरायची मागची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी यांतलं अंतर जितकं कमी तितकी हाताची चूक मोठी होते. समजा ते अंतर दहा सेंटीमीटर आहे आणि माशी एक मिलीमीटर सरकली, तर सात यार्डावर गोळी साधारण साडेसहा सेंटीमीटर बाजूला जाते. तेच अंतर पंधरा सेंटीमीटर असेल तर सव्वाचारच. घाबरलेल्या माणसाचा हात एक मिलीमीटरवर थांबत नाही हो. एनसीसीत ज्यांनी पॉइंट टू टूची रायफल झाडलीय त्यांना आठवेल, लांब नळीवर माशी किती शांत बसते.

दुसरी गोष्ट वेग. .३८ स्पेशल या नेहमीच्या काडतुसाची साधी १५८ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी चार इंची नळीतून सेकंदाला ७५५ फुटांच्या आसपास जाते असं कंपन्याच छापतात, दोन इंचीत त्यातले अजून पन्नास-शंभर कमी होतात. .३५७ मॅग्नम या जास्त जोरदार काडतुसात तर दोनशे किंवा त्याहून जास्त सुद्धा जातात. कारण त्यातली दारू जळायला नळी लागते, छोट्या नळीत ती पुरती जळायच्या आतच गोळी बाहेर, आणि उरलेली दारू तोंडाबाहेर जळते. माझे बाबा आलेत सध्या, सावंतवाडीकडचे आम्ही, आजोबांकडे शेती संरक्षणाच्या लायसन्सची ठासणीची बंदूक होती, डुकरांसाठी, नळी माझ्या छातीला लागेल इतकी लांब. दर निवडणुकीला पोलीस स्टेशनात जमा करायची आणि नंतर सोडवून आणायची, हे बाबांचंच काम असायचं. त्यांनी माझी रिव्हॉल्व्हर लांबून बघितली (व्हिजिटर व्हिसावर आहेत, त्यामुळे त्यांच्या हातात मी देतच नाही, तिथेही तोच कायदा) आणि म्हणाले, "येवढीशी नळी? दारू जळाक लांब नळी होयी." मी जे दोन वर्षं वाचून समजून घेतलं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

ती बाहेर जळणारी दारू काय करते ते एकदा तरी बघून घ्या. रेंजवर एकाने मला त्याची अकरा-बारा औंसाची दोन इंची .३५७ झाडायला दिली, फुल मॅग्नम भरून. डोळ्यासमोर पांढरा लोळ आला आणि कानात प्लग आणि वरून मफ्स दोन्ही घालूनसुद्धा छातीत दणका जाणवला. हेच मध्यरात्री अंधाऱ्या पॅसेजमध्ये, कानावर काही नसताना? पहिला बार उडाल्यावर तुम्हाला ना दिसणार ना ऐकू येणार, आणि मुलगा दुसऱ्या खोलीतून काय ओरडतोय ते कळणार नाही. म्हणून छोट्या नळीत .३५७ भरायची हौस करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. .३५७ ची बंदूक जरूर घ्या, तिच्यात .३८ स्पेशल चालतं, उलटं चालत नाही.

वेग कमी झाला की अजून एक होतं, हॉलो पॉइंट म्हणजे टोकाला खळगा असलेली गोळी, ती उमलायला ठराविक वेग लागतो, तो मिळाला नाही तर ती कपड्यांच्या धाग्यांनी बुजून साध्या गोळीसारखी जाते. एफबीआयचा निकष असा की दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच शिरली पाहिजे, कमी नको आणि जास्तही नको. दोन इंचीतून उमलणं आणि खोल जाणं दोन्ही साधणारी काडतुसं थोडीच. स्पीअरची १३५ ग्रेनची गोल्ड डॉट शॉर्ट बॅरल मुद्दाम त्यासाठी बनवलेली आहे, ती मला जमते पण महाग पडते. नाहीतर १४८ ग्रेनची वॉडकटर, चपट्या तोंडाची, मुळात टार्गेटसाठीची. ती उमलत नाही पण धक्का फारच कमी, खोलवर जाते, आणि ज्यांचा हात दुखतो त्यांना मी बिनधास्त तीच सांगते. नेम लागलेली वॉडकटर नेम चुकलेल्या प्लस पी पेक्षा शंभर पटीने बरी.

आणि झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या! याबद्दल कोणी बोलतच नाही. दोन इंची नळीखाली पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडा पण आखूड ठेवावा लागतो, जागाच नसते. त्यामुळे दांडा पूर्ण दाबला तरी रिकाम्या पुंगळ्या अर्ध्याच बाहेर येतात आणि एखादी तिथेच अडकून बसते, नखाने ओढून काढावी लागते. तीन इंचीत दांडा लांब असतो, तोंड वर करून एक जोरात थाप मारली की सगळ्या खाली पडतात. पाचच गोळ्यांच्या बंदुकीत हा फरक छोटा नाहीये.

तर दीड वर्ष त्या ६४२ शी झगडल्यावर मी रुगरची एसपी१०१ घेतली, तीन इंची, अख्खी स्टीलची, .३५७ पण मी .३८ च भरते. वजन साधारण ७६५ ग्रॅम, म्हणजे आधीच्या जवळजवळ दुप्पट. पहिल्याच दिवशी सात यार्डावर पाचही गोळ्या माझ्या तळव्याखाली झाकल्या गेल्या. तोच हात, तेच डोळे, तीच काडतुसं. मला रडू आलं खरंच, कारण दीड वर्ष मी समजत होते की माझ्यातच काहीतरी कमी आहे, बायकांच्या हातात ताकद नसते वगैरे जे बोलतात ते खरं असेल. सगळं बंदुकीच्या वजनात आणि त्या सव्वा इंचात होतं. तीन इंचीला फार मोठी परंपरा पण आहे, ऐंशीच्या दशकात एफबीआयने आपल्या एजंटांना स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १३ तीन इंची नळीचंच दिलं होतं, लपवायला पुरेशी छोटी आणि झाडायला पुरेशी मोठी. ज्यांना स्टीलचं वजन कमरेला सोसत नाही त्यांनी रुगरचीच एलसीआरएक्स तीन इंची बघावी, ४५० ग्रॅमच्या आतली आहे, धक्का जास्त पण माशी आणि दांड्याचा फायदा तसाच मिळतो.

लपवण्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. सगळ्यांना वाटतं नळी लांब म्हणजे कपड्यातून दिसणार. कमरेला पँटच्या आत होल्स्टर लावलं तर नळी खाली जाते, ती कोणाला दिसत नाही. दिसतो तो दस्ता, वर राहतो तो. उलट थोडी लांब नळी असली की ती आतून टेकते आणि दस्ता बाहेर कलंडत नाही, अंगाशी चिकटून राहतो. माझ्या कुर्त्याखाली तीन इंची छान बसते, दोन इंची सारखी वरून झुकायची. पण हे कमरेपुरतंच. खिशात ठेवायची असेल, स्क्रबच्या किंवा जॅकेटच्या, तर दोन इंचीच, दुसरं काही चालतच नाही, आणि तीही झाकलेल्या घोड्याची म्हणजे अस्तरात अडकत नाही, आणि खिशाच्या होल्स्टरमध्ये. आणि पुढच्या बाजूला लावून गाडीत दीड तास बसायचं असेल तर चार इंची पोटात किंवा मांडीत घुसते, ह्यूस्टनच्या ट्रॅफिकमध्ये ते सहन होत नाही.

पर्समध्ये मात्र नको. पर्स आपण कुठेही टेकवतो, खुर्चीला लावतो, मंडळात तर पोरं चॉकलेट शोधायला कोणाच्याही पर्समध्ये हात घालतात. आणि चोराने काही ओढलं तर पहिली पर्सच ओढली जाणार.

हॉस्पिटलमध्ये मी नेत नाही, तिथे मनाई आहे. टेक्सासच्या २०११ च्या कायद्याप्रमाणे नोकरीच्या ठिकाणी स्वतःच्या कुलूपबंद गाडीत ठेवता येते, पण नुसतं ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकून जायचं नाही, काच फोडून चोरतात. माझ्या सीटखाली केबलने बांधलेली छोटी पेटी आहे. म्हणजे बघा, गॅरेजमधून चालतानाचा जो भाग मला सगळ्यात भीतीचा वाटायचा, तिथे ती जवळ नसतेच. तिथे मी सिक्युरिटीला फोन करून सोबत मागते, आणि तेच सगळ्यात उपयोगाचं ठरलंय.

घरासाठी उत्तर वेगळं. घरात लपवायचं काही नाही, मग छोटी कशाला घ्यायची? चार इंची, पूर्ण आकाराची, सहा गोळ्यांची, जड. आमच्याकडे जीपी१०० आहे ४.२ इंची, किलोच्या वर वजन, साधारण ११३० ग्रॅम. .३८ प्लस पी भरलं तर धक्का म्हणजे नुसता ढकलल्यासारखा. नवऱ्याला, मला, आणि उद्या सासूबाईंना जरी वेळ आली (त्या सिटिझन आहेत) तरी झेपेल अशी. काहीजण म्हणतात लांब नळी कोपऱ्यावर कोणी धरली तर हिसकावता येते, यात तथ्य आहे, पण मी कोपरे तपासत घरभर फिरणारच नाहीये, आमचं ठरलंय, मुलाच्या खोलीत सगळ्यांनी जमायचं, दार लावायचं, ९११ लावायचा, आणि दाराकडे बघत बसायचं. दाराकडे बघत बसणाऱ्याला चार इंच उत्तम.

ती बंदूक बोटांच्या खुणांनी उघडणाऱ्या तिजोरीत असते, भिंतीला बोल्ट केलेली. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवली तर टेक्सासमध्ये गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. आणि हे मनापासून सांगते, घरात कोणी खूप निराश असेल, औषधं चालू असतील, वेड्यावाकड्या विचारांतून जात असेल तर कुठल्याच इंचाची घेऊ नका, असलेली पण काही महिने बाहेर ठेवा. मी हॉस्पिटलमध्ये व्हेंटिलेटर लावते लोकांना, त्या केसेस मी बघितल्यात.

मैत्रिणीला मी शेवटी काय सांगितलं, तर एकच घ्यायची असेल तर तीन इंची स्टीलची. ती घरात चालते आणि कमरेलाही चालते, दोन्हीकडे थोडी तडजोड होते पण झेपते. दोन इंची हलकी ही दुसरी म्हणून, वर्षभर हात बसल्यावर. माझी ६४२ मी विकली नाही, आता तीच बंदूक मला सात यार्डावर बऱ्यापैकी जमते, कारण तीन इंचीवर मी चाप ओढायला शिकले. रोज रात्री दहा मिनिटं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, स्नॅप कॅप (सरावाची खोटी काडतुसं) भरून, माशीवर एक नाणं ठेवून चाप ओढायचा, नाणं पडता कामा नये. आणि हो, आधाराच्या हाताचा अंगठा किंवा बोट सिलिंडरच्या पुढच्या फटीजवळ कधी नेऊ नका, तिथून गरम वायू बाजूला फुटतो, पिस्तुलाची सवय असलेल्यांकडून ही चूक हमखास होते.

ती पुढच्या रविवारी माझ्याबरोबर रेंजवर येतेय. तिन्ही घेऊन जाणार आहे, वॉडकटरचे दोन डबे, आणि सुरुवात चार इंचीपासून, दोन इंची सगळ्यात शेवटी. तिला सांगून ठेवलंय की गळा बंद असलेला टॉप घाल, शेजारच्या लेनमधल्या पिस्तुलाच्या गरम पुंगळ्या उडून गळ्यात पडतात.